गॅलरीत कबुतरांखेरीज दुसरे पक्षी कसे येतील?

प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर आठ बाय चार फुटांची पूर्वेकडची गॅलरी आहे, इमारतीमागे सोसायटीची मातीची पट्टी आहे. रोज तांदूळ, बाजरी आणि वाटीभर पाणी ठेवूनही कबुतरं आणि कावळ्यांशिवाय कोणी फिरकत नाही. चिमण्यांसाठी टांगलेली पेटी वर्षभर रिकामीच आहे. काय चुकतंय?

सगळ्यात आधी दाणे बंद करा, आजपासूनच. मुंबईत उघड्यावर मूठभर दाणा ठेवला की तो कबुतरांनाच जातो, आणि त्याला कारण आहे. इमारतींवरचं कबुतर म्हणजे मूळचा कड्याकपारींत राहणारा पारवा. आपल्या खिडक्यांचे सज्जे आणि एसीच्या मागची फट त्याला कपारीसारखीच सोयीची वाटते. ते जवळजवळ वर्षभर अंडी घालतं. मुख्य म्हणजे पिल्लांना ते किडे भरवत नाही. गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य भरवतं, त्यामुळे नुसत्या धान्यावर त्याचा संसार चालतो. चिमणीचं तसं नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. म्हणजे तुम्ही दाणे वाढवता तेव्हा चिमणीची अडचण सुटतच नाही, कबुतरांची संख्या मात्र वाढते.

दुसरं, तुम्हाला हवे असलेले बहुतेक पक्षी दाणे खातच नाहीत. शिंजीर, म्हणजे इंग्रजीतला सनबर्ड, फुलांतला मध आणि बारीक कोळी खातो. शिंपी, वटवट्या, नाचण, दयाळ हे सगळे किड्यांवर जगतात. तांबट फळं खातो. बुलबुल फळं आणि किडे दोन्ही खातो. चष्मेवाला थोडं थोडं सगळंच चाखतो. दाणे टिपणाऱ्यांत उरतात चिमणी आणि मुनिया, आणि कबुतरांच्या गर्दीत त्या दोघी येणार कुठून?

कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काही जणांच्या फुप्फुसांना अ‍ॅलर्जीची सूज येते आणि ती पुढे कायमची होऊ शकते. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यामागे हीच आरोग्याची तक्रार होती. साचलेली घाण कोरडी झाडू नका. आधी पाणी मारून भिजवा, मास्क लावा, मग खरवडा.

दाणे बंद केल्यावरही कबुतरं काही दिवस सवयीने येत राहतील. तेवढ्यात एसीच्या बाहेरच्या युनिटमागची फट, सज्जाचे कोपरे आणि पोटमाळ्याचे झरोके बंद करून घ्या. त्याआधी आत घरटं नाही ना, ते बघा. गॅलरीला जाळी लावायची असेल तर ५ सेंटीमीटर चौकटीची नायलॉनची घ्या. बाजारात कबुतरांची जाळी म्हणून जी मिळते ती बहुधा याच मापाची असते. तिच्यातून कबुतर आणि कावळा येऊ शकत नाहीत, पण शिंजीर, शिंपी, चष्मेवाला, मुनिया आणि चिमणीही आरामात आत-बाहेर करतात. जाळीमुळे पक्षी येणं बंद होईल ही भीती म्हणूनच बरीचशी फोल आहे. छोट्या पक्ष्यांना तर ती कावळ्यापासून संरक्षणच देते. अट एकच, जाळी ताणलेली हवी. ढिली पडलेली, भोकं पडलेली किंवा लोंबणारी जाळी पक्ष्याच्या पायात आणि पंखात अडकते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, हुक तपासा. तुटलेला दोरा लगेच कापून टाका.

आता गॅलरीत लावायचं काय? दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडे, सकाळचं तीन-चार तास ऊन. शिंजीर बोलवायला एवढं पुरेसं आहे. पहिली पसंती हमेलियाला. नारिंगी-लाल नळीसारखी फुलं, बारमाही बहर, कुंडीत बिनातक्रार वाढणारं झाड. त्याला नंतर येणारी काळी बारीक फळं बुलबुल खातो. दुसरा रसेलिया. त्याच्या लाल फुलांच्या बारीक फांद्या कठड्यावरून खाली लोंबतात, त्यामुळे जागा कमी लागते. तिसरी जास्वंद, पण साधी, लाल, एकेरी पाकळ्यांची. नर्सरीत मोठ्या दुहेरी फुलांच्या रंगीत संकरित जाती समोर मांडलेल्या असतात. त्या दिसायला छान, पण पाकळ्यांच्या त्या गर्दीतून शिंजीराला मधापर्यंत पोचणं अवघड. साध्या जास्वंदीवर शिंजीर काय करतो ते जवळून बघा. बऱ्याचदा तो फुलात तोंड घालतच नाही. देठाशी, फुलाच्या बाहेरून चोचीने बारीक चीर पाडतो आणि तिथून मध ओढतो. दुपारी खाली पडलेलं फूल उचलून बघितलंत तर बुडाशी ती चीर दिसेल. फूल खराब करतो म्हणून त्याला हाकलू नका, जास्वंदीचं फूल तसंही दिवसभराचंच असतं.

आपल्या मातीतलं काही हवं असेल तर अडुळसा आणि कोरांटी कुंडीत छान होतात. धायटी तर सह्याद्रीच्या उतारांवरची खास शिंजीराची. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तिच्या फांद्या लाल फुलांनी भरून जातात. पण तिला जागा लागते, गॅलरीपेक्षा मागच्या पट्टीत लावा. घाणेरी मात्र लावू नका. फुलपाखरं येतात खरी, पण पक्षी तिच्या बिया दूरवर टाकतात आणि जंगलात ती मोकळी जागा अडवून बसते. मुलुंडपासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किती जवळ आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

कुंडी १२ ते १४ इंचांची घ्या. लाल माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग. तळाच्या भोकांवर खापरीचे तुकडे ठेवायला विसरू नका, नाहीतर जुलैत मुळं कुजतात. ओली १४ इंची कुंडी २० किलोंच्या पुढे जाते. ती ग्रिलवर किंवा कठड्यावर टांगू नका, जमिनीवरच ठेवा. कठड्यावर फक्त रसेलियाच्या हलक्या कुंड्या, त्याही आतल्या बाजूला. महिन्याला मूठभर शेणखत पुरतं. नत्राचं खत जास्त घातलं की पानं जोरात येतात आणि फुलं रुसतात.

छाटणीत बहुतेकांची गल्लत होते. सगळ्या कुंड्या एकदम कापल्या की महिना-दीड महिना गॅलरीत एकही फूल नसतं आणि शिंजीर दुसरीकडची वाट धरतो. हमेलियाला नव्या फांदीवर फूल येतं, त्यामुळे छाटणी हवीच. मात्र एक कुंडी कापून ती फुलायला लागली की मगच दुसरी घ्या. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका.

पश्चिमेच्या गॅलरीतही हीच झाडं चालतात, फक्त पावसाचा मारा थेट असतो, कुंड्या भिंतीकडे सरकवाव्या लागतात. उत्तरेच्या गॅलरीत फुलांचा हट्ट सोडा. तिथे मनीप्लांटचा वेल, पाणी आणि नेफ्रोलेपिससारखी नेची एवढ्यावरही शिंपी येतो.

साखरपाण्याच्या लाल बाटल्या ऑनलाइन मिळतात, त्यांच्याबद्दल विचारलं नाहीत पण विचाराल म्हणून सांगतो: नको. त्या अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी बनवलेल्या. शिंजीर शक्यतो तरंगत नाही, बसून पितो. मुंबईच्या दमट उकाड्यात साखरपाणी एका दिवसात आंबतं, मुंग्या लागतात, नळीत काळी बुरशी धरते. तेवढ्या कष्टात हमेलियाच्या दोन कुंड्या होतात, आणि फुलावर शिंजीराला मधासोबत किडेही मिळतात.

किड्यांवरून फवारणीचा विषय येतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येणारच. नर्सरीवाला इमिडाक्लोप्रिडची पुडी देईल, ती घेऊ नका. ते औषध मुळांतून आणि पानांतून झाडभर पसरतं आणि मधातही उतरतं. त्याऐवजी पाण्याच्या जोराच्या धारेने पिठ्या धुवून काढा. राहिला तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब भांडी घासण्याचा द्रवसाबण, संध्याकाळी, फुलं सोडून फक्त पानांखाली आणि खोडावर. आठवड्याने पुन्हा. कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी असेल तर तिच्यावर फुलपाखराच्या अळ्या पानं कुरतडतील, तशाच राहू द्या. त्या अळ्या शोधत शिंपी आणि बुलबुल पानापानाखाली डोकावतात. चाळण झालेल्या पानांच्या जोरावरच पक्षी येतात, तेव्हा गॅलरी चकचकीत दिसावी ही अपेक्षा थोडी बाजूला ठेवा. कोळ्यांची जाळीही रोज झाडू नका. शिंजीर आणि शिंपी दोघंही घरटं बांधताना तो धागा वापरतात.

पाणी हा दुसरा आणि बरेचदा जास्त जोरदार उपाय. वाटी चालत नाही. ती खोल असते, कड गुळगुळीत असते, छोट्या पक्ष्याला आत उतरता येत नाही. कुंडीखाली ठेवायची ३० ते ३५ सेंटीमीटर रुंदीची मातीची पसरट ताटली घ्या. पाणी कडेला दोन बोटं आणि मध्यभागी फार तर ४ ते ५ सेंटीमीटर. प्लास्टिकची ताटली असेल तर तळाशी खडबडीत दगड पसरा, पाय घसरला की पक्षी पुन्हा उतरत नाही. मध्ये एक चपटा दगड पाण्याच्या वर डोकावेल असा ठेवा. ताटली सावलीत आणि झाडाच्या जवळ हवी, म्हणजे आंघोळ झाल्यावर ओल्या पंखांनी फांदीवर बसता येईल. ती जाळीच्या आतच ठेवा. बाहेर ठेवलेल्या पाण्यात कावळा पोळीचे वाळके तुकडे, मासळीचे काटे आणि कधी उंदराची शेपटीही आणून भिजत घालतो. त्याच्या दृष्टीने तेच स्वयंपाकघर.

ताटली थेट कोणाच्या नजरेत येत नाही, टपटपणारं पाणी मात्र लांबून कळतं. दोन लिटरची रिकामी बाटली घ्या. झाकणाला गरम सुईने भोक पाडा, बाटली उलटी टांगा, ताटलीपासून दोन फूट उंच. वर आलेल्या बुडालाही हवेसाठी एक बारीक भोक पाडा, नाहीतर चार थेंब पडून पाणी थांबतं आणि सुई चुकली असं वाटून माणूस झाकणाचं भोक मोठं करत बसतो. दोन सेकंदांना एक थेंब हा वेग बरा. तेवढ्यावर बाटली साधारण दिवसभर पुरते, पातळी उतरली की थेंब मंदावतात. शिंजीर आणि चष्मेवाल्याला तर ताटलीपेक्षा ओली पानं जास्त आवडतात. सकाळी आठच्या आत झाडांच्या पानांवर फवारा मारा. हे पक्षी त्या पानांवर अंग घासून आंघोळ करताना दिसतील. पानावर पाणी साचलंय, पक्षी पोटावर लोळतोय आणि पंख थरथरवतोय, हे दृश्य दोन हातांवरून बघायला मिळतं.

डासांचं काय, हा प्रश्न सोसायटी विचारणारच, आणि महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं तपासणीला आली तर दंडही होऊ शकतो. डेंग्यूच्या एडिस डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. रोज पाणी बदललं तर तो प्रश्नच येत नाही. पण एक बारकावा आहे. हा डास अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून नवं भरलं तर कडेची अंडी तशीच राहतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी काथ्याने किंवा ब्रशने कड घासायची. साबण नको. गावी जाणार असाल तर ताटली घासून, पालथी घालून जा.

आता मागची मातीची पट्टी. खरं काम इथे होऊ शकतं, म्हणून कमिटीशी बोलायची तयारी ठेवा. माळ्याला सांगून एका कोपऱ्यात, दोन मीटर बाय एक मीटर, झाडांची पडलेली पानं झाडायची थांबवा. पाच ते सात सेंटीमीटरचा पाचोळा साचला की त्याखाली गांडुळं, वाळवी, गोगलगायी, किडे गोळा होतात. मग दयाळ येतो, शेपटी वर करून दोन उड्या मारतो, थांबतो, पान उलटतो. भारद्वाजही येतो, जरा दबकत. पावसाळ्याच्या सुमारास नशीब असेल तर नारिंगी डोक्याचा कस्तूर पाचोळा चाळताना दिसतो. कमिटी म्हणेल, उंदीर होतील. उंदीर खरकट्यावर येतात. पाचोळ्यात त्यांना खायला काही नाही. फक्त त्यात प्लास्टिकचे कप, नारळाच्या करवंट्या, पिशव्या राहू देऊ नका, पाणी त्यांच्यात साचतं.

झाडांत सिंगापूर चेरी सगळ्यात लवकर फळ देते. रोप लावल्यापासून दोन वर्षांच्या आत फळं सुरू होतात आणि मग जवळजवळ बारमाही राहतात. तांबट, बुलबुल, फुलटोच्या, कोकीळ, हिवाळ्यात हळद्याही तिच्यावर येतो. रात्री वटवाघळं येतात, गाड्यांवर डाग पडतात. म्हणून पार्किंगपासून लांब लावा, नाहीतर झाडच तोडायची मागणी होईल. ती बाहेरून आलेली आहे हे खरं, पण शहरात तिचा उपयोग मोठा आहे. तुती हा छोट्या जागेतला उत्तम पर्याय, फांदी खोचली तरी लागते, वर्षातून दोनदा छाटली की फळं भरपूर. जागा असेल तर भोकर आणि कढीपत्ता. कढीपत्त्याची काळी फळं कोकिळेला प्रिय. शेवगा असेल तर तोडू नका, त्याच्या पांढऱ्या फुलांवर शिंजीर गर्दी करतात. वड, पिंपळ, उंबर इमारतीजवळ लावायची झाडं नाहीत, मुळं गटारात आणि इमारतीच्या पायात शिरतात. पण कंपाउंडच्या टोकाला आधीच असतील तर त्यांच्या एकट्याच्या जोरावर सोसायटीची पक्ष्यांची यादी दुप्पट होते.

पावसाळ्याआधीच्या फांद्या छाटणीकडे लक्ष द्या. मुंबईत ती एप्रिल-मेमध्ये होते, म्हणजे घरट्यांच्या ऐन हंगामात. धोकादायक फांद्या काढाव्याच लागतात, त्याला इलाज नाही, पण झाड बोडकं करायचं कारण नसतं. झाड तोडायला आणि छाटायला महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. अर्ज करतानाच कोणत्या फांद्या ते लिहून द्या, आणि माणसं येण्याच्या आदल्या दिवशी खालून दुर्बिणीने झाड बघून घ्या. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षाची वाळलेली फांदी रस्त्यावर किंवा गाडीवर येत नसेल तर राहू द्या. तांबट अशाच मऊ, वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला, पावसाचं पाणी आत जाणार नाही असं, दोन इंचांचं गोल भोक कोरून घर करतो. मुंबईचा शहरपक्षी म्हणून ज्याचा मान, त्याचं घर आपण सुकी फांदी म्हणून करवतीने उतरवतो.

चिमण्यांची पेटी. वर्षभर रिकामी राहिली याचं सगळ्यात शक्य कारण म्हणजे आसपास चिमण्याच नाहीत. चिमण्या थव्याने राहतात आणि फार लांब सरकत नाहीत. हाकेच्या अंतरावर, किराणा दुकानाच्या पत्र्यावर, बाजारात, जुन्या चाळीत, स्टेशनच्या छपरात त्या दिसतात का ते आधी बघा. दिसत नसतील तर पेटीने त्या येणार नाहीत, त्यात तुमची काही चूक नाही. दिसत असतील तर मापं तपासा. आतला तळ १२ ते १५ सेंटीमीटर चौरस, उंची २० ते २५, तळापासून १५ सेंटीमीटरवर ३२ मिलिमीटरचं भोक. भोक याहून मोठं झालं की साळुंकी घुसते. भोकाखाली बसायला दांडी नको, ती फक्त कावळ्याच्या सोयीची. लाकूड १५ ते १८ मिलिमीटर जाड, कारण पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची पेटी मेमध्ये तापते, आणि साधा प्लाय पहिल्याच पावसात फुगतो. तळाला ५-६ मिलिमीटरची चार भोकं, छताला पुढे ५ सेंटीमीटर पागोळी. तोंड नैऋत्येला नको, पाऊस तिकडूनच झोडतो. आणि टांगू नका. वाऱ्यावर झुलणारी पेटी चिमणीला नको असते. भिंतीला अडीच-तीन मीटर उंचीवर दोन स्क्रूंनी घट्ट बसवा, छताच्या पंख्याच्या वाटेत येणार नाही अशी. शेजारी ४० सेंटीमीटर चौरस उथळ ट्रेमध्ये कोरडी बारीक माती आणि वाळू ठेवली तर धुळीत आंघोळ करायला त्या हमखास उतरतात. फरशी आणि पेव्हर ब्लॉकच्या मुंबईत मोकळी धूळ त्यांना मिळत नाही.

चिमण्या किंवा मुनिया यायला लागल्या, आणि कबुतरं पूर्ण थांबली असली, तरच दाण्याचा विचार करा, तोही जाळीच्या आत. एक मोठा चमचा राळे किंवा बारीक बाजरी, उजाडताना, आणि दहाच्या आत उरलेलं उचलायचं. ताटली जाळीपासून १५ सेंटीमीटर आत ठेवा म्हणजे बाहेरून कबुतराची मान पोचत नाही. पाव, बिस्किटं, शेव, फरसाण, शिळा भात कधीच नाही. मीठ आणि तेल तर वाईटच, पण त्याहून वाईट म्हणजे त्यावर रोज येणारा कावळा. तो एकदा तुमच्या गॅलरीवर नजर ठेवून बसला की शेजारच्या कुंडीतल्या बुलबुलाची अंडी त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. पितृपक्षातला घास एक दिवस ठेवला म्हणून काही बिघडत नाही, रोजची पोळी बिघडवते.

पक्षी बघण्याची वेळ म्हणजे सूर्योदयापासून नऊपर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर. गॅलरीत उभं राहू नका. आत, पडद्याच्या जरा मागे, रोज एकाच खुर्चीवर बसा. पक्षी आकृतीपेक्षा हालचालीला घाबरतो. दुर्बीण घ्यायची तर ८×३२ किंवा ८×४२ घ्या. १०× हातात थरथरते. दुकानात एक गोष्ट नक्की तपासा, किती जवळचं दिसतं. दोन-अडीच मीटरवरचं स्पष्ट दिसत नसेल तर गॅलरीसाठी ती दुर्बीण निरुपयोगी.

सुरुवातीला दोन शिंजीरांची गफलत होते. जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजीराच्या नराची पाठ तपकिरी-लाल आणि पोट पिवळं, मादीचा गळा राखाडी-पांढुरका आणि पोट पिवळं. जांभळा शिंजीर नर विणीच्या दिवसांत उन्हात निळा-जांभळा, सावलीत सरळ काळा, आणि मादी गळ्यापासून पोटापर्यंत फिकट पिवळी. म्हणजे मादी ओळखायची तर गळा बघा. पावसाळा संपता संपता जांभळा नर मादीसारखा पिवळा होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. त्या काळात लोकांना नवा पक्षी दिसल्याचा भास होतो. आवाजाने ओळखायचं म्हटलं तर पहिले दोन सोपे: तांबटाचं एकसुरी टुक-टुक-टुक आणि शिंप्याचं टुविट-टुविट, ज्याचा आवाज त्याच्या आकाराच्या मानाने अजिबात शोभत नाही. मर्लिनसारखं अ‍ॅप आवाज ओळखतं, पण रिक्षा आणि ड्रिलच्या गोंगाटात काहीही सुचवतं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय यादीत लिहू नका. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलवू नका. विणीच्या दिवसांत नर खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात वेळ घालवतो आणि घरटं उघडं पडतं. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. किमान १५ मिनिटं गॅलरीतून मोजलेले पक्षी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवता येतात, कबुतरं आणि कावळेही मोजायचे असतात.

एखादा शिंजीर आरशावर किंवा काचेवर दिवसभर टोच मारत असेल तर तो वेडा झालेला नाही, स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतोय. बाहेरून कागद लावा, चार-सहा आठवड्यांत भर ओसरतो. काचेवर आदळणं हा वेगळा आणि जास्त गंभीर प्रकार. काचेच्या बाहेरच्या बाजूला ५ सेंटीमीटर अंतराने ठिपके लावले तर काच अडथळा म्हणून दिसते. ससाण्याचं एकुलतं स्टिकर चिकटवून काही होत नाही.

कुंडीत बुलबुलाने वाटीसारखं घरटं केलं किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीवर शिंजीराची थैली लोंबू लागली तर ती हलवू नका, फोटोसाठी फांद्या बाजूला सारू नका. पाणी घालायचं काम बाजूने, पटकन. अंड्यापासून पिल्लं उडेपर्यंत दोघांच्याही घरट्याला साधारण महिनाभर लागतो. शेजारी काढून टाका म्हणाले तर सांगा की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरटं आणि अंडी नासवणं शिकारीच्या व्याख्येत मोडतं. खाली पडलेलं, पंख फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा अनाथ नसतं, आई-बाप जवळच असतात. मांजर असेल तर ते उचलून जवळच्या झुडपात ठेवा, माणसाचा वास लागला म्हणून आई टाकत नाही.

मेच्या अखेरीस-जूनच्या सुरुवातीला एखादा नवरंग, हा स्थलांतर करणारा पक्षी, थकून सोसायटीच्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये उतरलेला सापडू शकतो. हिरवी पाठ, लाल बूड, आखूड शेपटी, जमिनीवर बसलेला. त्याला पाणी तोंडात पाजू नका, भात भरवू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना सुती कपडा घालून अंधारात, शांत जागी दोन तास ठेवा. सावरला तर झाडांकडे तोंड करून खोकं उघडा. पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, किंवा खोकं तसंच परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयात घेऊन जा.